टॅब आपला, किल्ली कोणाची?

दहावीचा निकाल लागला की नागपुरातल्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो: मुलाला टॅब घेऊन द्यावा की लॅपटॉप? शिकवणीवर्गाचे ॲप टॅबवर उत्तम चालते, बॅटरी दिवसभर पुरते, पैसेही कमी लागतात. राज्य शासनाच्या ज्या महाज्योती संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे, ती तर जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना टॅब आणि इंटरनेट डेटा विनामूल्य देत आली आहे. विदर्भातल्या कितीतरी घरांत पहिला संगणक म्हणून टॅबच आला, हे त्यामुळे नवल नाही. प्रश्न वरवर पाहता किमतीचा आणि सोयीचा दिसतो. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि दुकानात तो सहसा कोणी विचारत नाही: आपण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर काय चालावे आणि काय चालू नये, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे राहतो?

हे समजून घेण्यासाठी संगणक म्हणजे काय, येथून सुरुवात करावी लागते. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ साली, म्हणजे आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वात येण्याआधीच, कागदावर असे दाखवून दिले की पायरीपायरीने सांगता येण्याजोगे कोणतेही गणित एकच यंत्र करू शकते. यंत्र बदलावे लागत नाही, फक्त त्याला दिलेल्या सूचना बदलाव्या लागतात. या सूचनांनाच आपण आज सॉफ्टवेअर म्हणतो. टॅबच्या आत बसलेली चिप नेमकी याच जातीची आहे. याचा ढळढळीत पुरावा ॲपलनेच दिला. २०२० च्या नोव्हेंबरात मॅकबुकमध्ये बसवलेली एम-१ ही चिप कंपनीने २०२१ साली आयपॅड प्रोमध्येही बसवली. चिप तीच, तरीही मॅकबुकवर कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवलेला किंवा स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवता येतो आणि आयपॅडवर तसा सहजासहजी येत नाही. म्हणजे टॅबवर एखादे काम होत नाही तेव्हा यंत्राची कुवत कमी पडली असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा त्या कामाला परवानगी नसते.

ही परवानगी कशी नाकारली जाते, हे जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण 'बंदिस्त' हा शब्द आपण वापरतो तेव्हा या यंत्रणेविषयीच बोलत असतो. सनदी लेखापालांच्या किंवा ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदारांच्या टेबलावर यूएसबीचा एक छोटा डोंगल असतो. त्यात डिजिटल सही असते. या सहीच्या दोन किल्ल्या असतात: एक गुप्त, जिने सही केली जाते, आणि दुसरी जाहीर, जिने ती सही खरी आहे की नाही हे कोणीही तपासू शकतो. जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते. आयपॅडच्या चिपमध्ये कारखान्यातच ॲपलची जाहीर किल्ली कायमची कोरलेली असते. बटण दाबल्याबरोबर जागा होणारा सर्वांत पहिला प्रोग्राम त्या किल्लीने पुढच्या प्रोग्रामवरील सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची, आणि असे करत करत कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू होते. नंतर उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक ॲपची सही हीच कार्यप्रणाली तपासते. साखळीत कुठेही सही जुळली नाही, तर तो भाग सुरूच होत नाही. गुप्त किल्ली मात्र फक्त कंपनीकडे असते. मालकाजवळ असतो तो पासवर्ड, आणि त्याने केवळ पडदा उघडतो.

याच्या वर ॲप स्टोअरचा थर आहे. ॲपलने ते जुलै २००८ मध्ये सुमारे ५०० ॲपसह सुरू केले, आणि तेथे येणारे प्रत्येक ॲप कंपनीच्या तपासणीतून जाते. आपल्याच आयपॅडसाठी आपणच एखादे ॲप लिहिले, तर काय होते? मॅक संगणक आणि मोफत खाते असल्यास ते ॲप आयपॅडवर चढवता येते, पण सात दिवसांनी त्याची मुदत संपते आणि ते पुन्हा चढवावे लागते. ही अट नको असेल तर वर्षाला ९९ डॉलर भरून विकसक, म्हणजे ॲप तयार करणारा, म्हणून नोंदणी करावी लागते. स्वतःच्या यंत्रावर स्वतःचा प्रोग्राम आठवडाभराच्या मुदतीने चालतो, ही एकच गोष्ट मला या विषयावरच्या लांबलचक वादांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

अँड्रॉइडची पद्धत काहीशी सैल आहे. तेथेही प्रत्येक ॲपवर सही लागते, पण ती विकसकाची स्वतःची चालते, आणि 'अनोळखी स्रोत' ही सोय मालकाने सुरू केली की प्ले स्टोअरच्या बाहेरचे ॲपही चढवता येते. त्याखालचे कुलूप, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामचे कुलूप, काही कंपन्या मालकाला उघडू देतात. मात्र ते उघडले की अनेक बँकांची आणि यूपीआयची ॲप चालायला नकार देतात. दार आहे, पण त्यातून बाहेर पडणाऱ्याला दूधवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंतचे रोजचे व्यवहार सोडावे लागतात. शिवाय गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की ओळख पटवून न दिलेल्या विकसकांची ॲप प्रमाणित अँड्रॉइड यंत्रांवर चढू दिली जाणार नाहीत. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत होणार असल्याचे कंपनीने सांगितले. टीका झाल्यावर जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचेही तिने मान्य केले. सैल पद्धतसुद्धा सैलच राहील असे गृहीत धरता येत नाही, एवढे यावरून कळते.

आता या कुलपाची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती लंगडी नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतूक चालान, पीएम किसान किंवा बँकेच्या केवायसीच्या नावाने एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची, फाइल येते, घरातले कोणीतरी ती उघडते, ती संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि मिळाली की बँकेचे ओटीपी भलत्याच माणसाकडे जाऊ लागतात. पोलिसांचे सायबर कक्ष याविषयी वारंवार इशारे देतात, तरी ही फसवणूक थांबत नाही. आयपॅडवर ही फाइल चढतच नाही. बंदिस्त यंत्रांत प्रत्येक ॲपला स्वतंत्र कप्पा असतो. एका ॲपला दुसऱ्याच्या कप्प्यातील मजकूर परस्पर वाचता येत नाही. ज्यांनी एमएस-सीआयटीच्या केंद्रात किंवा सायबर कॅफेत संगणक शिकला, त्यांना पेनड्राइव्ह लावताच सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसण्याचे आणि दर काही महिन्यांनी विंडोज नव्याने टाकून घेण्याचे दिवस आठवत असतील. तो मोकळेपणा कोणालाही नको होता. निवृत्तिवेतनाची चौकशी, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, भजने आणि वर्तमानपत्र एवढ्यासाठी यंत्र हवे असलेल्या आजीआजोबांना बंदिस्त टॅबच घ्यावा, असे मी निःसंकोच सांगेन.

मग अडचण कुठे येते? ती रोजच्या कामात फारशी जाणवत नाही, रोजच्या कामाच्या एक पाऊल पुढे गेल्यावर जाणवते. नागपूरकरांना हे कूलरवरून चटकन समजावे. मार्च सरताना कूलर माळ्यावरून उतरतो, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, पंपातला गाळ काढला जातो, मोटारीला तेल दिले जाते, आणि हे सगळे बहुधा घरातलीच माणसे करतात. मुले ते बघत मोठी होतात आणि पुढे वीज, पंप, पाण्याची पातळी यांचा संबंध त्यांना कोणी वेगळा शिकवावा लागत नाही. एसी अधिक थंडावा देतो, आवाज करत नाही, पण त्याचे झाकण उघडायला मेकॅनिकच यावा लागतो. मे महिन्यात एसी घेणाऱ्याला कोणी दोष देणार नाही. केवळ एसी पाहिलेल्या मुलाला आत काय चालते याची कल्पना येण्याचा मार्ग मात्र उरत नाही.

एक अगदी जवळचे उदाहरण फाँटचे आहे. सिव्हिल लाइन्समधील न्यायालयांच्या परिसरात शपथपत्रे, अर्ज आणि करारनामे टंकून देणारे अनेक जण आजही कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये काम करतात. अशी फाइल वकिलांनी किंवा पक्षकाराने टॅबवर उघडली की 'नागपूर' या शब्दाच्या जागी यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते, कारण या फाँटने इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली आहेत आणि फाँट नसेल तर खालची मूळ अक्षरे उघडी पडतात. विंडोजवर उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: फाँटची फाइल उघडावी, 'इन्स्टॉल' दाबावे, मजकूर दिसू लागतो. आयपॅडवर २०१९ पर्यंत सामान्य माणसाला समजेल अशी अधिकृत सोयच नव्हती; त्यानंतर एखाद्या ॲपच्या आडवळणाने फाँट घालता येऊ लागला. बहुतेक अँड्रॉइड टॅबवर सबंध यंत्रासाठी असा फाँट घालण्याची सरळ वाट आजही नाही. एखादे ऑफिस ॲप स्वतःपुरती सोय करते, इतकेच. येथे खरा दोष फाँटचा आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टंकले असते तर ही वेळच आली नसती, हे मान्य करावे लागेल. तथापि जगातल्या फाइली आपल्या सोयीने तयार होत नाहीत. जुनी, वेडीवाकडी, अर्धवट फाइल हाताशी घेऊन तिच्यावर उपाय करण्याची मुभा एका यंत्रात आहे आणि दुसऱ्यात नाही. वर सांगितलेला डिजिटल सहीचा डोंगलही असाच. त्याचे ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला डोंगलशी बोलू देणारे प्रोग्राम, प्रामुख्याने विंडोजसाठी लिहिलेले असतात, त्यामुळे टॅबवरून सगळा व्यवसाय सांभाळणाऱ्या कंत्राटदाराला निविदा भरण्याच्या दिवशी कोणाचा तरी संगणक शोधावा लागतो.

सर्वांत अधिक काळजी करावी अशी बाब शिकण्याची आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने लहान मुलांसाठी तयार केलेली स्क्रॅच ही प्रोग्रामिंगची भाषा आज आपल्याकडच्याही अनेक शाळांत शिकवली जाते. मुलांनी केलेले स्क्रॅचचे प्रकल्प आयफोनवर पाहण्यासाठी कोणीतरी एक ॲप तयार केले होते. ॲपलने ते एप्रिल २०१० मध्ये स्टोअरमधून काढून टाकले, कारण ॲपच्या आत दुसरा प्रोग्राम चालवण्यास तेव्हाच्या नियमांत मनाई होती. त्याच महिन्यात पहिला आयपॅड अमेरिकेत विक्रीला आला होता. पुढे नियम सैल झाले. २०१६ साली ॲपलनेच प्रोग्रामिंग शिकवणारे स्विफ्ट प्लेग्राउंड्स आणले, आणि डिसेंबर २०२१ पासून आयपॅडवरच ॲप लिहून थेट स्टोअरकडे पाठवता येऊ लागले. फाइली दाखवणारे ॲप २०१७ मध्ये आले, पेनड्राइव्ह वाचण्याची सोय २०१९ मध्ये, आणि माउस व ट्रॅकपॅडचा पूर्ण पाठिंबा २०२० मध्ये. या वर्षांकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते: जे दहा वर्षे 'टॅबला याची गरज नाही' म्हणून नव्हते, ते नंतर हळूहळू आले, आणि केव्हा येणार हे वापरणाऱ्याच्या हाती कधीच नव्हते.

ही काळजी केवळ तात्त्विक नाही. केंब्रिज विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या अध्यापकांना २००० नंतरच्या दशकात असे आढळू लागले की प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांची संख्या घटते आहे आणि येतात त्यांनाही प्रोग्रामिंगचा अनुभव पूर्वीच्या मुलांपेक्षा कमी आहे. १९८० च्या दशकातला घरगुती संगणक सुरू केला की समोर बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेची रिकामी ओळ येत असे. काही लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. भारतातही १९८४ च्या सुमारास सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे असेच संगणक निवडक शाळांत पोहोचले होते. त्या पिढीची यंत्रे गेली आणि तयार करमणूक देणारी यंत्रे आली, असे निदान करून केंब्रिजमधील एबन अप्टन आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा, मोकळा आणि अत्यंत स्वस्त संगणक बाजारात आणला. लक्षात घेण्यासारखे हे की तेव्हा आयपॅड जेमतेम दोन वर्षांचा होता. तक्रार त्याच्याही आधीपासूनची होती. सगळा दोष टॅबच्या माथी मारणारे हे विसरतात.

पैशाचा आणि सत्तेचा भाग थोडक्यात सांगतो. ॲपच्या आत डिजिटल वस्तू विकली तर स्टोअर चालवणारी कंपनी साधारण ३० टक्के वाटा घेत आली. २०२१ पासून लहान विकसकांना तो १५ टक्के झाला. हा भार शेवटी ग्राहकावरच पडतो, पण पावतीवर दिसत नाही. १ मार्च २०२४ रोजी गुगलने शुल्काच्या वादातून काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरमधून काढली. त्यांत नोकरी आणि भारत मॅट्रिमोनीसारखी घरोघरी माहीत असलेली नावे होती. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर ती काही दिवसांत परत आली. दार एकच असले की ते बंद करणेही सोपे होते, आणि ते बंद करू शकणारी कंपनी एकटीच नसते: जून २०२० मध्ये केंद्राने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा टिकटॉक एका दिवसात दोन्ही स्टोअरमधून नाहीसे झाले. ती बंदी योग्य होती की नाही, हा वेगळा विषय आहे; मुद्दा यंत्रणेचा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण प्ले स्टोअरमधून इतरांच्या ॲप दुकानांना जागा देण्यासारखे काही निर्देश रद्द केले. युरोपीय संघाने मात्र कायदाच केला; त्यामुळे तेथे मार्च २०२४ पासून आयफोनवर आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून आयपॅडवर दुसऱ्या दुकानांतून ॲप घेता येतात. नागपूरच्या सीताबर्डीत घेतलेला आयपॅड आणि पॅरिसमध्ये वापरला जाणारा आयपॅड घडणीने एकच आहेत, तरीही येथे ती मुभा नाही.

यंत्राच्या आयुष्याचाही विचार करावा. २०१० च्या पहिल्या आयपॅडला शेवटची सुधारणा २०१२ मध्ये मिळाली. त्यावर दुसरी कार्यप्रणाली टाकण्याचा अधिकृत मार्ग नाही आणि ब्राउझरही कार्यप्रणालीबरोबरच नवा होत असल्यामुळे पडदा व बॅटरी धडधाकट असूनही ते यंत्र आजच्या बहुतेक संकेतस्थळांपुढे निरुपयोगी ठरते. त्याच वर्षीच्या एखाद्या साध्या लॅपटॉपवर आज लिनक्स या मोफत कार्यप्रणालीची हलकी आवृत्ती टाकून मराठी युनिकोडमध्ये पत्र लिहिता येते. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि असंख्य जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, तेव्हाही हाच फरक कामी आला: त्या संगणकांच्या मालकांना निदान दुसरी वाट उपलब्ध होती.

टॅब म्हणजे बंद आणि लॅपटॉप म्हणजे मोकळा, अशी सरळ विभागणी करता येत नाही, हे येथे नोंदवणे भाग आहे. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज आरटी नावाची बंदिस्त विंडोज सरफेस टॅबवर आणली होती. जुने विंडोज प्रोग्राम त्यावर चालत नव्हते, ग्राहकांनी पाठ फिरवली आणि पुढच्या वर्षी कंपनीला ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. काही स्वस्त लॅपटॉप आजही 'एस मोड'मध्ये येतात आणि फक्त मायक्रोसॉफ्टच्या दुकानातील प्रोग्राम चालवतात, पण तो मोड मालकाला विनामूल्य आणि कायमचा बंद करता येतो. मॅकही अनोळखी प्रोग्राम आधी अडवतो आणि सेटिंगमध्ये जाऊन मालकाने मुद्दाम संमती दिली तर सोडतो. मला हीच तडजोड योग्य वाटते. दार लावलेले असावे, कुलूपही असावे, आणि किल्ली घरमालकाच्या खिशात असावी.

म्हणून दुकानात रॅम आणि मेमरी विचारताना आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सुरक्षा सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? दुकानाबाहेरचे ॲप चढवता येते का? पेनड्राइव्ह, प्रिंटर आणि कीबोर्ड जोडता येतात का, आणि आपल्या फाइली एका झटक्यात दुसऱ्या यंत्रावर नेता येतात का? घरात एक मोकळा संगणक आधीच असेल, मग तो कितीही जुना असो, तर दुसरे यंत्र म्हणून टॅब घ्यायला माझी हरकत नाही. अकरावीच्या मुलाचे ते एकमेव यंत्र असणार असेल तर मात्र वापरलेला लॅपटॉप नव्या टॅबपेक्षा बरा.

ज्यांच्या घरी टॅबच आला आहे आणि दुसरे काही घेणे शक्य नाही, त्यांनीही हात टेकण्याचे कारण नाही. अँड्रॉइड टॅबला साधा यूएसबी कीबोर्ड ओटीजी जोडणीने, म्हणजे टॅबच्या चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या जोडणीने, लावता येतो. पायथन शिकण्यासाठी प्ले स्टोअरवर पायड्रॉइडसारखे ॲप आहे, २०१९ पासून स्क्रॅचही टॅबच्या ब्राउझरमध्ये चालते, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गोष्टींना कोणत्याही स्टोअरची संमती लागत नाही. संस्थेकडून मिळालेल्या टॅबवर अनेकदा संस्थेचे स्वतःचे नियंत्रण-सॉफ्टवेअर असते आणि ॲप चढवणे त्यानेच रोखलेले असते. अभ्यासाच्या काळात ते समजण्यासारखे आहे. परीक्षा झाल्यावर टॅब विद्यार्थ्याकडेच राहणार असेल, तर ते नियंत्रण काढून देणार का आणि त्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, हे टॅब घेतानाच लेखी विचारून ठेवावे.